सुतकातलं मीठ

ठमी गेली त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीने, गोदूबाईने, आमच्या घरातली मिठाची बरणी उचलली आणि गोठ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली. आमच्यात सुतकाचे दहा दिवस अळणी खातात. पेणच्या अलीकडे, जिते स्टेशनाखाली, खाडीच्या बांधाला लागून आमचा गाव. मागच्या दाराने बाहेर पडलं की मिठागर. चैत्र चालू होता, मीठ जोरात पिकत होतं, बांधावर माणसाच्या उंचीच्या राशी लागल्या होत्या. आणि घरात मिठाचा खडा नाही.

"आपुन खारा खाल्ला का गेलेल्याला तहान लागते," गोदूबाय शेजारच्या शकूला सांगत होती. "तहानलेला जीव पान्याभोवती फिरत राहतो. जात नाय."

ठमी, माझी बायको, जिथे गेली तिथे मधल्या खोलीत दिवा ठेवला होता. दिव्याशेजारी पाण्याचा तांब्या. गोदूबाय रोज सकाळी तांब्यात डोकावायची, पाणी बरंच खाली गेलेलं असायचं. "प्याली बघ रातची," असं म्हणून ती ताजं पाणी भरायची. मी तांब्याला हात लावत नव्हतो. ठमीची मीठ ओढायची फळी दाराआड उभी होती. तीही मी हलवली नाही.

आम्हाला मुलगा नाही. एकच मुलगी, चंद्रावती. ती रोह्याला दिलेली. जावई जगन तिथल्या एका कंपनीत शिफ्टला जातो. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवसांचं. पण आईला अग्नी दिला तेव्हाच चंद्रा सगळ्यांदेखत बोलली होती, "मला भाऊ नाय. दहाही दिवस मीच अळणी ऱ्हानार." बायका रडल्या. गोदूबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही त्या वेळी बरं वाटलं.

चंद्राला आधीपासून मीठ फार लागायचं. लहानपणी नव्हे, लग्नानंतर. माहेरी आली की ठमी सकाळी तिच्यासाठी पेज करायची आणि त्यात मूठ भरून मीठ टाकायची. मी एकदा चुकून तो टोप तोंडाला लावला, तर खाडीचं पाणी बरं. "ही माणसाची पेज का म्हशीची?" मी विचारलं. ठमी म्हणाली, "ती पिते ना, मग गप बसा. पिली का उठून बसते." रोह्याला तिची सासू हौसाबाई म्हणायची, सून आणली का मिठाची गोणी तेच कळत नाही. जगनही हसायचा. म्हणायचा, मामा, तुम्ही हिला लहानपणी खारात घातली होती काय.

ती थकायची, वाळत चालली होती. रोह्याला दाखवलं तर अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. रंगानेही काळवंडली होती. पण मिठागराच्या गावात काळ्या रंगाकडे कोण बघतो? आम्ही सगळेच उन्हाने करपलेले. मिठावरून ऊन उलटं वर येतं, ते वेगळंच.

सुतकाच्या तिसऱ्या दिवशी चंद्रा उठताना भिंतीला धरायला लागली. चौथ्या दिवशी पोटात गेलेलं सगळं बाहेर पडलं. अळणी भात, अळणी वरण, नुसतं पाणीही. बायका म्हणाल्या, आईचं दुःख आहे, पोटात घर करून बसलंय. मलाही तसंच वाटलं. मी स्वतः गिळत होतो ते कशासाठी, ते मला कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती अंथरुणात नव्हती.

मागचं दार उघडं होतं. मी बाहेर गेलो. ऊन असं होतं की राशींकडे बघवत नव्हतं. पहिल्या राशीच्या पायथ्याशी चंद्रा बसली होती. बसली नव्हती, रांगत येऊन तिथे कोसळली होती. दोन्ही हातांनी मीठ ओरबाडून ती तोंडात कोंबत होती. ओठ फाटले होते. मला बघून ती थांबली नाही.

माझ्यामागून गोदूबाय धावत आली. तिने चंद्राचा हात धरला आणि मीठ झटकलं.

"काय करतेस गो? आयशीला जावून पाच दिवस नाय झालं. तूच बोललीस ना, दहा दिवस ऱ्हानार? थूक ते. थूक आधी."

चंद्रा थुंकली नाही. तिने तोंड मिटून घेतलं आणि डोळेही मिटले. मी तिला उचललं. वीस-बावीस वर्षांची बाई, पण उचलताना वजन लागलं नाही.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. घराबाहेर माणसं जमली. कोणीतरी काळुराम भगताला घेऊन आलं. काळुराम माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र खेकडे धरलेले. त्याने चंद्राच्या अंगावरून तांदूळ ओवाळले, डोळ्यांची पापणी वर करून बघितली आणि म्हणाला, "ठमी हाय ही. पोर नाय बोलत, ठमी बोलते. सगला जन्म मिठात गेला तिचा, जीव मिठात अडकलाय. ती मीठ मागते."

"मग?" गोदूबाईने विचारलं.

"दहाव्याला उतारा टाकू. तवर पोरीच्या पोटात काय जाव देव नका. मीठ तर नायच नाय. पानी पन नको. पानी दिला तर ती हलनार नाय."

चंद्राचा हात माझ्या हातात होता. त्या उन्हात तो थंड होता. नाडी बघायला गेलो, सापडेना. मनगटावर, मग गळ्याजवळ. तिथे काहीतरी हलत होतं, पण फार लांबून हलावं तसं.

"दहाव्यापर्यंत पाणी नको?" मी विचारलं.

"नको."

"काळुराम, ठमी मीठ मागते असं तू म्हणतोस?"

"व्हय."

"ती जिवंत असताना तिने माझ्याकडे कधी काय मागितलं नाय. आता मागते तर मी नाय देनार? ठमी मागत असेल तर ठमीला देतो. पोर मागत असेल तर पोरीला देतो. दोघींपैकी कोणीही असली तरी ती घरचीच हाय."

गोदूबाय दारात आडवी उभी राहिली.

"पुंडल्या, ती तहानेनं तळमळंल. तुझी बायको."

हे तिने मला घाबरवायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही वाटत होतं. मधल्या खोलीत दिवा जळत होता. मी एकदा तिकडे बघितलं. मग गोदूबाईला बाजूला करून गोठ्यात गेलो आणि बरणी घेऊन आलो.

शकूने तिच्या चुलीवरची पेज आणून दिली. सुतकातल्या घराला शेजाऱ्याची पेज चालते. तिच्यात मीठ चालत नाही. मी ठमीसारखी मूठ भरली. चंद्राचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाजायला लागलो. पहिले चमचे ओघळून गेले. मग ती गिळायला लागली. अर्धी वाटी गेली आणि तिने डोळे उघडले. "आय?" ती म्हणाली. मी म्हणालो, "आबा हाय मी." तिने वाटीकडे बघितलं. बाकीची अर्धीही गेली.

थोड्या वेळाने नाडी मनगटावर सापडली. मग ती पुन्हा ओकली.

जगन तेव्हाच आला. चौथ्या दिवशी त्याला निरोप गेला होता, म्हणून रात्रीची शिफ्ट सुटल्यावर रोह्याहून मिळेल त्या गाडीने निघाला होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्याने चंद्राला बघितलं आणि दारातच खाली बसला.

"रोह्याला नेऊ, मामा. तिथले डॉक्टर हिला ओळखतात."

"रोह्याचा रस्ता पेणवरूनच जातो," मी म्हणालो. "पेण आलं की उतरायचं. पुढचं तिथे बघू."

"पण त्यांच्याकडे हिचे सगळे कागद आहेत."

"जगन, हिची नाडी जाते आणि येते. कागद घेऊन काय करनार?"

तो उठला. आमच्या राशीवरून माल भरून पोपटचा ट्रक पेणला निघाला होता. पोपट काटकुळा, तोंडाने फटकळ, पण त्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. मिठाच्या गोण्यांवर गोधड्या टाकल्या, वर ताडपत्रीचा आडोसा केला. चंद्राला वर चढवलं. मी चढलो, जगन चढला. आणि गोदूबायही पदर खोचून चढायला लागली.

"तू कशाला?" मी विचारलं.

"पोरीला बाईमानूस नको बरोबर? आनि तुझ्या हातून अजून काय काय होईल, बघाया नको?"

पोपट खालून म्हणाला, "आजी, सुतकात मीठ खायाचा नाय. बसाया चालतो ना?"

"गाडी चालव तू," गोदूबाय म्हणाली. "तोंड नको चालवू."

गाडी निघाली. हमरस्त्यावर येईपर्यंत खड्डेच खड्डे. प्रत्येक खड्ड्याला चंद्राचं डोकं जगनच्या मांडीवर इकडून तिकडे होत होतं. मी तिचं मनगट सोडलं नाही. एका ठिकाणी नाडी बराच वेळ लागेना. मी जगनकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग ती पुन्हा लागली. पेणच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. पोपटने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. रक्तदाब इतका खाली होता की नर्सने यंत्र दुसऱ्या हाताला लावून पुन्हा मोजला. डॉक्टर तरुण होते, आवाज शांत. उलट्या, ऊन, पोटात काही नाही. शरीरातलं पाणी कमी झालंय, ते म्हणाले. सलाईन लावलं. चंद्रा थोडी सावरली. जगनला वाटलं, सुटलो. पण बाटली अर्धी झाली तरी रक्तदाब एका जागी थांबून पुन्हा खाली सरकायला लागला. डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा शांतपणा गेला होता.

"हिला आधी काही आजार?"

"अशक्तपणा," जगन म्हणाला.

"उन्हात काम करते?"

मी तोंड उघडायच्या आत गोदूबाय बोलली. ती दारातून आत येत नव्हती, सुतकाची म्हणून, पण बोलणं आत पोचत होतं.

"कसलं काम? रोह्याला घरात असते, सावलीत. आमी काले आगरावर राबून. ही तशी नव्हती. आयशीवर गेलेली, गोरी. लगीन झाला आनि काली पडली. आनि डॉक्टर, तुमी जरा शिकवा हिला. आयशीच्या सुतकात मीठ खाल्ला हिने. राशीवर जावून, गुरासारखा."

डॉक्टर हातातल्या कागदावर लिहीत होते. त्यांनी लिहायचं थांबवलं.

"किती मीठ?"

"मूठ मूठ खाते. तिच्या आयशीनं लावलेली सवय."

"आणि या पाच दिवसांत?"

"पाच दिवस काय नाय. आमच्यात अळनी खातात. आज खाल्ला तेवढाच."

डॉक्टर चंद्राकडे गेले. तिचा तळहात उघडून खिडकीच्या उजेडात धरला. हाताच्या रेषा शाईने ओढल्यासारख्या काळ्या होत्या. मग त्यांनी तिचा ओठ अंगठ्याने वर केला. हिरड्यांवर काळसर डाग. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत, एवढं मलाही तेव्हा समजलं. बापाने मुलीच्या हिरड्या कधी बघायच्या?

त्यांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. नर्स म्हणाली, ते दम्याच्या पेशंटसाठी ठेवलंय. "तेच आण," डॉक्टर म्हणाले. "साखरेचं सलाईनही लाव. आधी रक्त काढून ठेव, मुंबईला पाठवू."

"मुंबईहून उत्तर कधी येणार?" जगनने विचारलं.

"येईल तेव्हा येईल. मी थांबणार नाही. थांबलो तर उत्तर येईल तेव्हा ही नसेल."

इंजेक्शन शिरेतून दिलं. शीर सापडायला वेळ लागला, नर्सने दोन जागा टोचून बघितल्या. मग आम्हाला बाहेर बसवलं.

बाकावर मी, जगन, आणि खाली फरशीवर गोदूबाय. दुपार उतरत होती. बाहेर गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात कोणीतरी साचा ठोकत होतं, त्याचा आवाज येत होता. गोदूबाय हळू आवाजात म्हणाली, "मी वंगाळ बोलले का रं?"

"नाय. चांगला बोललीस."

"मी तक्रार केली तिची."

"तीच ऐकली त्यांनी."

डॉक्टर आमच्याशेजारी येऊन बसले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. माणसाच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिच्यातून जो रस रक्तात जातो तो शरीरात मीठ धरून ठेवतो. चंद्राची ती ग्रंथी हळूहळू मरत आली आहे. कदाचित क्षयाने, ते फोटो काढून बघायचं. मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून ती मीठ खात होती आणि खात होती म्हणून जगत होती.

"म्हणजे उघाडीवरचा मानूस मेला," मी म्हणालो.

"उघाडी?"

"बांधात दार असतो. भरतीचा पानी आत घ्यायचा, मग दार लावायचा. दार लावायला मानूस नसला तर ओहोटीला सगला पानी परत खाडीत."

"हो. तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही रोज मीठ आणून वाफ्यात ओतत होता. पाच दिवस ओतायचं थांबलं."

"मग काळी का पडली?" जगनने विचारलं.

"मेंदूच्या खाली दुसरी एक ग्रंथी असते. ती या ग्रंथीला हुकूम पाठवते, रस सोड म्हणून. इकडून काही येत नाही, म्हणून ती अजून मोठ्याने हुकूम पाठवते. रोज, दिवसरात्र. त्या हुकमानेच कातडी काळी होते."

जगन मान खाली घालून बसला. खारात घातली होती काय, असं म्हणणारा तोच होता.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "नुसतं मीठ नाही. घरात मृत्यू झाला, ताप आला, मोठा धक्का बसला, की हीच ग्रंथी जास्त काम करते. त्या रसावर माणूस उभा राहतो. तुम्हीसुद्धा हे पाच दिवस त्यावरच उभे आहात. हिच्याकडे तो नव्हता."

ठमीला उचललं तेव्हापासून मी कशावर उभा आहे हे मला कळत नव्हतं. रडू येत नव्हतं, झोप येत नव्हती, पाय चालत होते. हात उगाच कमरेच्या वर, पाठीकडे गेला. तिथे कुठेतरी ती ग्रंथी असणार.

आतून नर्सने हाक मारली. आम्ही तिघेही उठलो. गोदूबायही. दाराशी ती थांबली, खाली बघितलं आणि उंबरा ओलांडून आत आली.

चंद्रा उशीला टेकून बसली होती. नर्सने रक्तदाबाचा आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो पुन्हा मोजायला लावला आणि मग पहिल्यांदा खुर्चीवर बसले. चंद्राने आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"आत्या," ती म्हणाली, "भूक लागलीय."

गोदूबाय बाहेर गेली. कुठून मिळवली माहीत नाही, पण गरम पेज घेऊन आली. दुसऱ्या हातात कागदाची पुडी होती. तिने पुडी उघडली, चिमूट घेतली, ती ठेवली आणि मूठ भरली. स्वतःच्या हाताने पेजेत टाकून ढवळली. ढवळताना तिचे ओठ हलत होते. ठमीशी बोलत असावी. मी ऐकायला गेलो नाही.

चंद्राला पुढे बरेच दिवस दवाखान्यात राहावं लागलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, ताप आला की दुप्पट, एकही चुकवायची नाही. हौसाबाई रोह्याहून येऊन बसली. म्हणाली, घरात मिठाची बरणी आता सुनेच्या ताटाशेजारीच राहील, आणि कोणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे. आधी तीच बोलायची, याची आठवण कोणी करून दिली नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी आणि गोदूबाय गावी परतलो. शकूने दिवा विझू दिला नव्हता, तेल घालत राहिली होती. पण सुतकाच्या तांब्याला परक्याने हात लावू नये म्हणून तिने पाणी बदललं नव्हतं. तांब्या कोरडा होता. तळाशी एक पांढरट रेघ राहिली होती.

गोदूबाय माझ्यामागे उभी राहून बघत होती. "प्याली सगला," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "तहान लागली तिला."

पाणी उष्म्याने आटतं हे मला कोणी सांगायला नको. माझा जन्म तेच बघण्यात गेला. पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं, त्यावरच आम्ही पोट भरतो.

मी तांब्या उचलून बाहेर नेला. घागरीतलं गोडं पाणी काठोकाठ भरलं आणि दिव्याशेजारी ठेवलं. गोदूबाय म्हणाली, "एक पुरंल का?"

तिने स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या आणला. तोही भरून ठेवला.